इकडील सर्व क्षेम

नमस्कार, श्रोतेहो.

माझे सासरे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. देशभरातल्या पत्रांवर लागणारी टपाल तिकिटे जिथे छापली जातात, त्या इंडिया सिक्युरिटी प्रेसला नाशिककर नुसते ‘प्रेस’ म्हणतात. सासूबाई मात्र मुलांना घेऊन निफाड तालुक्यातल्या गावी शेती सांभाळत. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटरचे, पण पाळीच्या कामामुळे सासऱ्यांना पंधरवड्यातून एकदाच घरी जाता येई आणि मधल्या आठवड्यात ते आंतर्देशीय पत्र पाठवत. ती पत्रे सासूबाईंनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत. प्रत्येक पत्राची मांडणी एकच असे. प्रारंभी ‘इकडील सर्व क्षेम’, मग पाऊसपाणी, मग बैलांची चौकशी, मुलांचा अभ्यास, घेतलेल्या आणि दिलेल्या पैशांचा हिशेब, आणि शेवटी ‘सविस्तर उत्तर लिहावे’. या ‘सविस्तर’ शब्दाने गेल्या वर्षी आमचे घर कसे सावरले, ते आज आपल्याला सांगायचे आहे.

आमचे कुटुंब आता चार ठिकाणी विभागलेले आहे. माझे पती पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जातात. १९७५ साली सुरू झालेल्या या गाडीने आमच्यासारख्या कितीतरी घरांचे वेळापत्रक ठरवून दिले आहे. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडलेला माणूस रात्री दहाला घरी जेवायला बसतो. धाकटा दीर गावी द्राक्षबाग पाहतो आणि सासूबाई त्याच्याकडे असतात. मुलगा यंदा दहावीला होता. मुलगी सप्टेंबरमध्ये पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेली.

वर्षाची सुरुवातच पावसाने झाली. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच महाराष्ट्रात येऊन पोहोचला. शहरात आम्हाला त्याचे कौतुक वाटले, कारण उकाडा संपला होता. १६ जूनला शाळा उघडली तेव्हा छत्र्या आधीच भिजलेल्या होत्या. बागाईतदाराला मात्र हाच पाऊस घातक होता. द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून जुन्या काढून टाकण्याचे काम, एप्रिलमध्ये होते आणि त्यानंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यामध्ये पुढील हंगामाचा घड तयार होत असतो. याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात, आणि तिला स्वच्छ ऊन लागते. नेमक्या त्याच दिवसांत आभाळ झाकलेले राहिले. गंमत अशी नव्हे, दुःख असे, की हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. वेल हिरवागार असतो, पाने टवटवीत असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बाग उत्तम वाटते.

त्या महिन्यांत आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो असे नाही. सकाळी मोबाईलवर सुप्रभात येत असे, वाढदिवसाला शुभेच्छा जात असत, दिराने बागेचे छायाचित्र पाठवले की आम्ही सगळे अंगठा दाखवत असू. संपर्क रोजचा होता, पण त्यात सविस्तर असे काहीच नव्हते.

मुलीच्या निघण्याच्या दिवशी आम्ही इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. जूनमध्ये खुल्या झालेल्या या शेवटच्या टप्प्यावर डोंगराखालून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. कसाऱ्याच्या घाटात ज्यांनी उभे आयुष्य वळणे मोजली, त्या माझ्या पतींना तो प्रवास इतका लवकर संपला याचेच वाईट वाटले, कारण मुलीसोबतचा तेवढा वेळ कमी झाला. दीर विमानतळापर्यंत आला होता. त्याने पुतणीच्या हाती आपल्या बागेतल्या बेदाण्याची पिशवी दिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीच्या वाटेवर तो फारसा बोलला नाही. ताटातुटीमुळे असेल, असे मला वाटले.

खरे कारण दिवाळीत कळले. आम्ही गावी गेलो होतो. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची दुसरी छाटणी, होऊन काड्या फुटल्या होत्या. दीर मला बागेत घेऊन गेला, एक काडी हातात धरून म्हणाला, “वहिनी, फूट आली, पण घड नाही.” पुढच्या ओळीत तेच, त्यापुढच्या ओळीतही बहुतेक तेच. छाटणीपूर्वी त्याने प्रयोगशाळेतून काडी तपासून घेतली होती. तो अहवाल त्याच्या हाती आला तो नेमका मुलीच्या निघण्याच्या आठवड्यात. तिच्या खर्चाची जुळवाजुळव चालू असताना आपली अडचण सांगायची कशी, म्हणून तो गप्प राहिला. महिनाभराहून अधिक काळ हा माणूस एकट्याने ते ओझे वाहत होता आणि आम्ही त्याच्या हिरव्या वेलींना अंगठे दाखवत होतो. मला त्या क्षणी झालेली लाज मी अजून विसरलेले नाही.

त्या रात्री सासूबाईंनी पेटी उघडली. १९७२ च्या दुष्काळातले एक पत्र त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावले. त्यात सासऱ्यांनी पगारातून किती रुपये उरले, उसने कोणाकडून घेतले आणि कडबा कुठून आणता येईल, हे सारे लिहिले होते. वाचून झाल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, “फोनवर असं बोलत जा.”

तेव्हापासून दर रविवारी रात्री साडेआठला सर्वांनी एकत्र फोनवर बसायचे ठरले. पहिला रविवार २६ ऑक्टोबरचा होता आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मुलीने तिकडचे पाच वाजता फोन करायचे कबूल केले होते. परंतु युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात, त्यामुळे तिचे पाच वाजले तेव्हा आमचे साडेनऊ झाले होते. गावी नऊला निजानीज होते. तरीही सासूबाई तासभर फोन मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

या फोनचा क्रम पत्राचाच आहे. आधी प्रकृती, मग पाऊसपाणी, मग बाग, मग अभ्यास, मग पैसे. मुलीला वसतिगृहात काय शिजवले हे सांगावे लागते, नुसते ‘जेवले’ म्हणून चालत नाही. मुलाला कोणता धडा अडला ते आजीला समजावून द्यावे लागते, आणि मला असे वाटते की भूमिती त्याला त्यामुळेच थोडी सोपी गेली. पैशांचा विषय निघताना प्रथम सर्वांना संकोच वाटे. डिसेंबरपर्यंत मात्र दिराचे बागेचे कर्ज, आमचा घराचा हप्ता आणि मुलीची फी असे तिन्ही हिशेब एकाच वहीत आले, आणि त्या वहीतूनच दोन बिघ्यांत उन्हाळ कांदा लावायचा निर्णय झाला. त्याच्या रोपांचे पैसे माझ्या पतींनी दिले.

दोघा भावांचे तर रोजचेच बोलणे सुरू झाले आहे. संध्याकाळी परतताना कसाऱ्याला गाडीला घाट चढण्यासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, घाटातल्या बोगद्यांत फोनची रेंज जाते, आणि इगतपुरी आली की माझे पती भावाला फोन लावतात. देवळालीपर्यंत दोघांचे बोलून होते.

द्राक्षाचा हंगाम यंदा लवकर आटोपला. जे थोडे घड लागले, ते फेब्रुवारीत निघाले. मुलगा दरवर्षी काकाबरोबर तोडणीला जातो, पण परीक्षेमुळे यंदा त्याला जाता आले नाही. शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी दुपारच्या बसने तो गावी गेला आणि आता कांद्याला पाणी देतो आहे.

येत्या २९ मार्चच्या रविवारी जर्मनीतली घड्याळे पुन्हा एक तास पुढे जातील. आमच्या साडेआठला तिकडे चारऐवजी पाच वाजलेले असतील. सासूबाईंनी नातवाकडून ते दिनदर्शिकेवर लिहून घेतले आहे आणि त्या चौकोनाभोवती स्वतःच्या हाताने पेनाने गोल काढला आहे.