दुसरं आधण

(दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं, काठाशी बारीक बुडबुडे.)

जानेवारी २०२५. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड गावात, किरकटवाडीत, धायरीत दिवस उजाडायचा तो पाण्याच्या आधणानं. जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढत होते, संशय दूषित पाण्यावर होता, आणि पाणी उकळूनच प्या, असं सांगितलं जात होतं.

अशा दिवसांत सकाळचं उरलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गॅसवर चढतं. मग घरातलं कोणीतरी हटकतंच, ‘अगं, उकळलेलं परत उकळू नये. विष होतं त्याचं.’

होतं का?

(दृश्य: पातेल्याचं बूड, जवळून. पांढरा थर नखानं खरवडला जातो.)

पाणी दहादा उकळलं तरी पाणीच राहतं. त्यातून निघून जाते ती वाफ, विरघळलेली हवा आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. हवा गेली म्हणून ते बेचव लागतं. दोन भांड्यांत वरखाली केलं की जरा जीव येतो. बुडाशी बसलेला हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचा भाऊबंद. दिसायला ओंगळ, पण त्याला भिण्यासारखं काही नाही. उलट तो खाली बसला की पाण्याचा जडपणा थोडा कमीच होतो.

म्हणजे आजीबाई चुकल्या? पूर्ण नाही.

(दृश्य: बोअरवेलचा हातपंप, रांगेत घागरी.)

पुण्याजवळच्या नांदेडहून आता मराठवाड्यातल्या नांदेड जिल्ह्यात, किनवटकडे. इथल्या, तसंच यवतमाळ-चंद्रपूरच्याही कित्येक गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं धरतात. फ्लोराइड वाफेबरोबर जात नाही. नायट्रेट जात नाही, आर्सेनिकही नाही. पाणी उडतं, हे मागे राहतात.

हिशेब सोपा आहे. लिटरमागे १.४ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं एक लिटर पाणी घ्या. दुसरा स्रोतच नसेल, तर भारतीय मानकानुसार १.५ पर्यंत चालवून घेतात. म्हणजे हे पाणी काठावर पास. ते आटून ७०० मिलिलिटर झालं, की प्रमाण २ वर गेलं. नायट्रेटचंही तसंच, त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते सर्वांत आधी बाधतं.

पण बघा, इथे दोष आटण्याचा आहे. झाकण ठेवून दोनदा उकळी आणली तर फारसं काही उडत नाही. उघड्या पातेल्यात एकदाच वीस-वीस मिनिटं खदखदवलं तर कितीतरी जास्त उडतं. एवढं उकळायचं कारणही नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं; समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, म्हणजे हिमालयात वगैरे, तीन मिनिटं. महाबळेश्वरलासुद्धा एकातच भागतं. आणि पाण्यात मुळातच फ्लोराइड असेल, तर एकदा उकळा की चारदा, त्यावर तो इलाज नव्हे. तिथे पाणीच बदलावं लागतं.

(दृश्य: ओट्यावर थंड होत असलेलं पाणी. झाकण अर्धवट सरकलेलं.)

खरी गडबड होते ती दोन उकळ्यांच्या मधे. क्लोरीन उडून गेलेलं, त्यामुळे या पाण्याला आता राखणदार नाही. ओगराळं बाजूलाच लटकतंय, आणि शाळेतून धावत आलेला मुलगा पेला थेट पातेल्यात बुडवतो, दोन बोटांसकट. घटाघटा पितो. उरलेलं पाणी आत ओततो.

(दृश्य: आई पातेलं उचलते, पुन्हा गॅसवर ठेवते. काडी पेटते.)

आता ते परत उकळायलाच हवं.