नोड बंद पडला, की नुसता संपर्क तुटला?

मित्रहो, एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. हाय अव्हेलेबिलिटी (एचए) म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक, अखंड चालू राहण्याची हमी नव्हे. होस्ट, म्हणजे ती मशीन चालवणारा सर्व्हर, कोसळला की त्यावरील मशीन दुसऱ्या होस्टवर नव्याने सुरू होते आणि तेवढा वेळ सेवा खंडित होतेच.

अवघड प्रकरण वेगळेच असते. कोणताही होस्ट बिघडलेला नसताना मशीन रीस्टार्ट होतात, कधी अख्खा नोडच (एकत्र जोडलेल्या होस्टांच्या समूहातील, म्हणजे क्लस्टरमधील, एक होस्ट) रीबूट होतो. शेजारच्या नोडचे हार्टबीट (‘मी चालू आहे’ असे सतत येणारे संदेश) थांबले, तर तो मेला आहे की केवळ मधले नेटवर्क तुटले आहे, हे नोडला तेवढ्यावरून ठरवता येत नाही. एकच मशीन दोन ठिकाणी सुरू होऊन एकाच डिस्कवर लिहू लागली तर डेटाची वाट लागते. म्हणून प्रॉक्समॉक्ससारख्या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीचा क्लस्टर बहुमत, म्हणजे कोरम, पाहतो. एचएच्या ताब्यातील मशीन चालवणारा नोड अल्पमतात गेला, की वॉचडॉग (वेळेत प्रतिसाद न मिळाल्यास रीबूट करणारा टायमर) त्याला साधारण 60 सेकंदांत रीबूट करतो. प्रशासक मात्र रॅम आणि वीजपुरवठा तपासत बसतो.

त्यामुळे हार्डवेअरला हात लावण्यापूर्वी, निर्णय कोणी आणि नेमका केव्हा घेतला, हे लॉगमधून शोधावे. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या अशाच प्रणालीमध्ये प्रत्येक होस्टवर एफडीएम एजंटचा, म्हणजे तिथले एचए सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, लॉग असतो. प्रॉक्समॉक्समध्ये कोरोसिंक (नोडांमधील संपर्क सांभाळणारी सेवा) आणि एचए मॅनेजरच्या नोंदी एकत्र वाचाव्या लागतात. सर्व नोडांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली नसतील, तर घटनांचा क्रमच लागत नाही.

कोरोसिंकला बँडविड्थ फारशी लागत नाही, पण विलंब खपत नाही. तो काही मिलिसेकंदांच्या आतच हवा. बॅकअप किंवा स्टोरेजची वाहतूक त्याच तारेवरून जात असेल, तर दिवसभर सुरळीत चालणारा क्लस्टर बॅकअपच्या वेळी नेमका विस्कटतो. कोरोसिंकला स्वतंत्र लिंक आणि तिच्या जोडीला एक पर्यायी लिंक द्यावी. दोनच नोड असतील तर बहुमतासाठी दोन्ही मते लागतात, म्हणून तिसरे मत देणारा क्यूडिव्हाइस जोडावा.

याच्या उलट, होस्ट खरोखर गेला तरी मशीन उठत नाही, तेव्हा ती स्थानिक डिस्कला किंवा एखाद्या पासथ्रू (होस्टवरून थेट मशीनला दिलेल्या) उपकरणाला बांधलेली आहे का, ते पाहावे. उरलेल्या होस्टांवर पुरेशी मेमरी नसणे हेही नेहमीचेच कारण आहे. नवी मशीन सुरू होऊ देत नाही म्हणून व्हीस्फिअरमधील अॅडमिशन कंट्रोल (बिघाडाच्या वेळेसाठी जागा राखून ठेवणारी सोय) बंद करणे हा माझ्या मते सर्वांत घातक उपाय होय. त्याने राखून ठेवलेली जागाच मग इतर मशीन वापरून टाकतात.

चाचणीही बहुधा चुकीची होते. नोड नीट रीबूट केला तर तो क्लस्टरचा रीतसर निरोप घेतो आणि फेन्सिंगची, म्हणजे संपर्क तुटलेल्या नोडला सक्तीने बाजूला काढण्याची, वेळच येत नाही. नेटवर्कची तार, स्टोरेजची तार आणि वीज या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तोडून, प्रत्येक वेळी मशीन पुन्हा उभ्या राहायला किती वेळ लागला, याची नोंद ठेवावी.