काळी पाचमधला अश्रू

1 फेब्रुवारी 1904 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या एका खोलीत तीस वर्षांचा इटालियन ऑपेरागायक एन्रिको कारुसो भिंतीतून पुढे आलेल्या कर्ण्यासमोर उभा राहिला. मायक्रोफोन यायला अजून वीस वर्षे होती. गळ्यातून निघालेले ध्वनिकंप कर्ण्यात शिरून पडदी हलवत असत आणि त्या पडदीला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर चर कोरत असे. साथीला केवळ एक पियानो होता. त्या दिवशी व्हिक्टर या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी गायलेल्या पदांपैकी एक होते 'ऊना फुर्तिवा लाग्रिमा', म्हणजे 'एक चोरटा अश्रू'. आज आपण ऐकणार आहोत ते हेच पद.

इटालियन संगीतकार दोनिझेत्तीचा 'लेलिझीर दामोरे' हा ऑपेरा 12 मे 1832 रोजी मिलानमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. हा विनोदी ऑपेरा आहे. नेमोरिनो नावाचा भोळा शेतकरी आदिनावर प्रेम करतो, एका भोंदू वैद्याकडून प्रेमाचे औषध म्हणून साधी वाइन विकत घेतो आणि दुसऱ्या बाटलीच्या पैशांसाठी सैन्यात नाव नोंदवतो. दुसऱ्या अंकात आदिनाच्या डोळ्यांत त्याला पाणी दिसते आणि तिचेही आपल्यावर प्रेम आहे हे त्याला उमगते. त्याच्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची बातमी हीच, आणि दोनिझेत्तीने नेमकी तीच मायनरमध्ये, म्हणजे उदास छटेच्या स्वरमालेत, बांधली आहे.

या पदाची पट्टी बी फ्लॅट मायनर आहे. पेटीच्या भाषेत सांगायचे तर षड्ज काळी पाचवर आणि गंधार, धैवत, निषाद कोमल. मूळ वाद्यवृंदात हार्पच्या झंकारावर आणि तंतुवाद्यांच्या छेडण्यावर बासून हे खोल, किंचित घोगऱ्या आवाजाचे लाकडी सुषिरवाद्य सुरुवातीची ओळ एकट्याने वाजवते आणि मगच गायक शिरतो. लय 'लार्गेत्तो', म्हणजे विलंबितापेक्षा थोडी जलद. सहा मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत चालतात, त्यामुळे दादऱ्याची सवय असलेल्या कानाला हा झोका परका वाटत नाही.

पहिल्या कडव्यात 'तिचे माझ्यावर प्रेम आहे, मला दिसते आहे' या शब्दांपाशी सूर काळी एकच्या मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या उजळ स्वरमालेत, जातो आणि नंतर पुन्हा मायनरच्या सावलीत परततो. दुसऱ्या कडव्यात मात्र 'हे आकाशा, आता मरण आले तरी चालेल' असे म्हणताना षड्ज काळी पाचवरच राहतो आणि कोमल गंधार शुद्ध होतो. षड्ज न हलता गंधार उजळतो, म्हणून तो उजेड बाहेरून आल्यासारखा न वाटता आतून उमलल्यासारखा वाटतो. या पदाचा सगळा भाव त्या एका स्वराच्या बदलात आहे असे मला वाटते.

पण आपण हे पद तबकडीवरून ऐकतो आहोत, आणि तबकडीवर लय आणि पट्टी यांची गाठ सुटत नाही. त्या काळी फेऱ्यांचा वेग काटेकोर ठरलेला नव्हता आणि 78 हा आकडा पुढे रूढ झाला. समजा, एखादी तबकडी मिनिटाला साधारण साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी कोरलेली आहे आणि आपण ती 78 वर वाजवली, तर वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढतो, काळी पाचचा षड्ज पांढरी सातवर चढतो आणि चार मिनिटांचे गाणे चौदा सेकंद आधी संपते. आवाजातला कंप घाईघाईचा होतो, पुरुषी गळ्याचा भरदार काळोखा पोत पातळ होतो, आणि विचारात बुडून स्वतःशी बोलणारा नेमोरिनो अधीर झालेला ऐकू येतो. कारुसोच्या आवाजाबद्दलचे किती तरी गैरसमज अशा चुकीच्या फेऱ्यांतून जन्माला आले असतील.

म्हणून जाणकार उलट्या बाजूने निघतात. स्वरलिपीत पट्टी लिहिलेली आहे, तेव्हा षड्ज काळी पाचवर बसेपर्यंत वेग कमी-जास्त करायचा. तरीही सावध राहावे लागते, कारण गायक सोयीसाठी पट्टी उतरवूनही गात असत आणि पियानोची जुळणीही सगळीकडे एकसारखी नव्हती. शेवटचा निवाडा कानच करतो. आपल्याकडच्या जुन्या नाट्यपदांच्या तबकड्यांना तर स्वरलिपीचा एवढाही आधार नाही, कारण तिथे पट्टी गायकाच्या गळ्याने ठरते.

1904 मध्ये हे पद दोन तबकड्यांवर विभागून घेतले गेले, एकीवर पहिले कडवे आणि दुसरीवर दुसरे. त्यामुळे कारुसोला सवड मिळाली. शेवटच्या 'दामोर' या शब्दाआधी साथ थांबते आणि गायक एकटाच ताना घेत खाली उतरतो. ती जागा त्याने मनासारखी लांबवली आहे. 1911 मध्ये त्याने हेच पद वाद्यवृंदासह पुन्हा ध्वनिमुद्रित केले, तेव्हा दोन्ही कडवी तबकडीच्या एकाच बाजूवर बसवावी लागली. आवाज तोवर अधिक घन आणि गडद झाला होता. तरी मला 1904 चे गाणे जवळचे वाटते, कारण त्यात नेमोरिनो अजून कोवळा आहे.

11 डिसेंबर 1920 रोजी ब्रुकलिनमध्ये कारुसो पुन्हा नेमोरिनोच्या वेशात रंगमंचावर आला. पहिल्या अंकातच त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागले. एकामागून एक रुमाल भिजत गेले, तरी तो गात राहिला आणि अंक संपल्यावर प्रयोग थांबवण्यात आला. 'ऊना फुर्तिवा लाग्रिमा' दुसऱ्या अंकात येते. त्या संध्याकाळी ते कोणालाच ऐकायला मिळाले नाही, आणि पुढच्या वर्षी 2 ऑगस्टला नेपल्समध्ये कारुसोचे निधन झाले.

आता सुई टेकते आहे. आधी खरखर, मग पियानो, मग तो.