कॅमेऱ्यात आलेली आग

(दृश्य : मोबाईलवर घेतलेला हलता व्हिडिओ. रस्त्याकडेला उभी स्कूटर, खालून पांढरा धूर.)

२६ मार्च २०२२. पुण्यातलं लोहगाव. कडेला लावलेल्या ओला एस-१ प्रो या इलेक्ट्रिक स्कूटरमधून आधी धूर निघतो, मग भडका उडतो. बघता बघता हा व्हिडिओ देशभर फिरतो. कुणाला खरचटलेलंही नाही.

त्याच सुमारास तमिळनाडूत, वेल्लोरला, रात्री घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर पेटली. वडील आणि मुलगी धुरात गुदमरून गेले. मोबाईल काढून उभं राहायला तिथं कुणी नव्हतं.

त्या आठवड्यातली कोणती आग आठवते, असं विचारलं तर बहुतेक जण लोहगावची सांगतील.

(दृश्य : कापून उघडलेला सेल, जवळून.)

अशा स्कूटरची बॅटरी म्हणजे अनेक लिथियम-आयन सेलांचा संच, पॅक. प्रत्येक सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडांच्या मधे प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा असतो, सेपरेटर. तो फाटला किंवा वितळला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. सेल तापतो, त्या उष्णतेनं आतल्या रासायनिक क्रिया भडकतात, त्या आणखी उष्णता सोडतात. मग शेजारचा सेल, मग त्याच्या शेजारचा. याला थर्मल रनअवे म्हणतात. सुरुवातीला दिसणारा तो पांढरा धूर म्हणजे बराचसा पेट घेणारा, विषारी वायू असतो. मोकळ्या रस्त्यावर तो उडून जातो. बंद खोलीत साचतो, आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. बिघाड तोच, रस्त्यावर त्याचा तमाशा होतो, घरात जीव जातो.

बॅटरीची आग विझवणं अवघड, ही अग्निशमन दलाची तक्रारही खोटी नाही. इथे पाणी मारायचं ते मुख्यतः सेल थंड करायला, आणि विझली म्हणून पाठ फिरवावी तर बॅटरी पुन्हा पेटू शकते.

एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या ४० ई-स्कूटरपैकी २० जळाल्या. ओलानं १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. तोवर चर्चा 'या कंपनीचा हा पॅक' सोडून 'इलेक्ट्रिक म्हणजे धोका' इथवर आली होती.

(दृश्य : वसई. रस्त्यावर जळणारी कार, पाण्याचा फवारा.)

जूनमध्ये वसईत टाटा नेक्सॉन ईव्ही पेटली. पुन्हा व्हिडिओ, पुन्हा कुणीही जखमी नाही. आपल्या ३० हजारांहून अधिक इलेक्ट्रिक गाड्या जवळपास चार वर्षांत १० कोटी किलोमीटर चालल्या, त्यातली ही पहिलीच घटना, असं कंपनीनं सांगितलं. कंपनी स्वतःबद्दल बोलतेय हे धरूनच ते ऐकायचं; पण आकडा त्या व्हिडिओइतका फिरला नाही.

सप्टेंबरमध्ये पुन्हा वसईच. ई-स्कूटरची बॅटरी काढून घरात, रात्रभरासाठी चार्जिंगला लावलेली. पहाटे स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवडाभरानं गेला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटवर तासभर खडाजंगी होते. सोफ्याशेजारी चार्ज होणाऱ्या बॅटरीचा विषय निघालाच तर चहा आल्यावर.

कारचं काय? स्वीडनच्या नागरी संरक्षण यंत्रणेनं २०२२ सालची नोंद दिली : सुमारे ६ लाख ११ हजार इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत २३ आगी, तर ४४ लाख पेट्रोल-डिझेल गाड्यांत सुमारे ३,४००. लाखामागे चारपेक्षा कमी, आणि ७७. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या वयानं जुन्या, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरी अंतर केवढं ते दिसतं.

(दृश्य : ल्यूटन विमानतळ, कोसळलेलं बहुमजली पार्किंग.)

ऑक्टोबर २०२३. लंडनजवळच्या या पार्किंगमध्ये सुमारे १,४०० गाड्या खाक झाल्या. ज्वाळा दिसताच समाजमाध्यमांवर निकाल लागला : इलेक्ट्रिक कार! अग्निशमन दल सांगत होतं, सुरुवात डिझेल गाडीपासून झाली. ते ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही.

(दृश्य : पुणे, वेताळ टेकडी, एआरएआय.)

२०२२च्या आगींनंतर भारतात ई-दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेचा एआयएस-१५६ हा नियम कडक झाला. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२पासून, दुसरा ३१ मार्च २०२३पासून. सेल, बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, चार्जर, सगळ्यांसाठी अटी वाढल्या. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था याच टेकडीवर आहे. नव्या चाचण्यांपैकी एकीत पॅकमधला एक सेल मुद्दाम बिघडवतात आणि आग शेजारच्या सेलकडे सरकते का, ते पाहत बसतात.

पॅक चांगला असेल तर बघण्यासारखं काहीच घडत नाही.