हुकलेला बार

(दृश्य: संध्याकाळ. कौलारू घराची पडवी. भिंतीवर एक लाकडी खुंटी, तिला अडकवलेली काळी छत्री.)

या खुंटीला पूर्वी ठासणीची बंदूक असायची. आता छत्री असते. घरातल्या सुनेच्या मते छत्रीच बरी, निदान दर पावसाळ्यात कामाला येते.

सावंतवाडीच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतली ही पडवी. भात कापून झालंय, उडव्या रचून झाल्यात. शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा तो याच दिवसांत. दिवाळी सरली की माणसं शेतातून मोकळी व्हायची, गवत वाळायचं, रानात पायवाटा दिसायला लागायच्या. शिमग्यापर्यंत मग गावात रोज एक नवी गजाल, म्हणजे रंगवून सांगायची गोष्ट.

आज पडवीवर चौघे बसलेत. धाकटे अण्णा पंचाहत्तरीचे, थोरले तात्या नव्वदीला टेकलेले. बंदुका गेल्या त्याला किती वर्षं झाली हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. गजाली मात्र शाबूत आहेत. ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. मारलेल्या शिकारीची गोष्ट दोन वाक्यांत संपते, हुकलेल्या बाराची रात्रभर चालते.

(दृश्य: अंधार. बॅटरीचा झोत गवतावरून फिरतो. दूरवर एक लाल ठिपका चमकतो, विझतो.)

छोटी शिकार म्हणजे ससा, रानकोंबडा, लावा, होला. सशासाठी रात्री निघायचं, कपाळाला बॅटरी बांधून. उजेडात जनावर दिसत नाही, डोळा दिसतो. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून बहुतेक वेळा एकच निखारा दिसतो. दोन डोळे जोडीने चमकले तर भेकर असेल, नाहीतर मांजर. गवतात बारीक हिरवट ठिणग्या सांडल्यासारख्या दिसल्या तर ते कोळी. आणि वाटेवर, अगदी जमिनीलगत, लालभडक निखारा दिसला तर नव्या शिकाऱ्याची छाती धडधडायला लागते. तो हळूहळू पुढे सरकतो, नेम धरतो, आणि निखारा पंख फडफडवत उडून जातो. तो रातवा. या पडवीवरच्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी रातव्याने फसवलंय.

तात्यांची गोष्ट याहून वरची. मध्यरात्र, काजूच्या बागेची कड, दोन मोठे हिरवे डोळे. सांबर असणार असं धरून त्यांनी बंदूक खांद्याला लावली. ठासणीच्या बंदुकीत एकच बार. चुकला तर पुन्हा दारू ओता, काथ्या घाला, गजाने ठासा, छर्रे घाला, पुन्हा काथ्या, मग ठिणगी पाडणारी केप. तोवर सांबर आंबोलीला पोचलेलं. म्हणून तात्यांनी श्वास धरला, नेम पक्का केला, आणि सांबराच्या गळ्यातली घंटा वाजली.

शेजाऱ्याचा बैल. दावं तोडून चरायला आलेला.

“बार सुटलो असतो,” तात्या म्हणतात, “तर ही गजाल आज शेजाऱ्यान सांगली असती.”

(दृश्य: चौघांचं हसणं. चहाचे पेले. एकाच्या पायाशी झोपलेला कुत्रा.)

मोठी शिकार ही एकट्याची नसायची. रानडुकरासाठी हाका घालायचा तर वीस-पंचवीस माणसं लागायची. बंदुका दोन किंवा तीन. बाकीच्यांच्या हातात काठ्या, पत्र्याचे डबे आणि गळ्यात आवाज. बंदूकवाले वाऱ्याच्या तोंडावर जाऊन झाडाआड बसायचे. वारा कुठला हे बघायला चिमूटभर राख हवेत सोडायची. ती ज्या दिशेला गेली तिकडे माणसाचा वास जाणार. मग उलट्या बाजूने हाके आरडाओरडा करत रान हाकत आणायचे.

कागदावर हे सोपं वाटतं. पण डुकराला कागद कोणी दाखवलेला नसतो. बंदुकीकडे जायचं सोडून ते बरेचदा मागे फिरतं, आणि मागे असतात काठ्यावाले. अण्णा त्यातले. बंदूक त्यांच्या हातात कधी आली नाही, पण पोटरीवर सुळ्याची वीतभर खूण आहे. “नेम धरणाऱ्यांका नाव,” ते म्हणतात, “आणि आमका टाके.” बंदूकवाले दोघे यावर काहीच बोलत नाहीत. इतक्या वर्षांत काय बोलायचं ते बोलून झालं असावं.

शिकार पडली की वाटे. केळीची पानं ओळीने मांडायची. एकाने पाठ करून उभं राहायचं. दुसरा एका पानावर बोट ठेवून विचारणार, “ह्यो कोणाचो?” पाठमोरा माणूस नाव घेणार. कोणत्या वाट्यात चांगलं मांस आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून भांडण नाही. बंदूकवाल्याला मुंडी जास्तीची. हाक्यातल्या प्रत्येकाला सारखा वाटा, आणि कुत्र्यालाही माणसाइतकाच. जिचा नवरा गेला आहे अशा बाईच्या दारी एक वाटा न मागता पोचायचा. वाटणीवरून गावात तंटा झाल्याचं कोणाला आठवत नाही. जमिनीवरून मात्र तीन खटले अजून चालू आहेत.

(दृश्य: मुंबई. राणीच्या बागेशेजारच्या जुन्या वस्तुसंग्रहालयाची इमारत.)

शिकाऱ्यांनी जमून एकमेकांना अनुभव सांगायचे, ही सवय फक्त पडवीची नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत, आज भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत, निसर्गाची आवड असलेली काही मंडळी जमली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. दर महिन्याला भेटायचं, नोंदींची देवाणघेवाण करायची, मिळालेले नमुने दाखवायचे, असं ठरलं. त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. 1886 पासून निघालेल्या तिच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत शिकारीच्या हकिगती भरपूर आहेत. सालिम अली पक्ष्यांकडे वळले तेही लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका का, हे विचारायला ते याच संस्थेत गेले होते.

तिथे गजालीची नोंद झाली. पडवीवर ती हवेत राहिली, आणि दरवर्षी थोडी वाढत गेली. कोकणात बिबळ्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे वाढायला जागाही भरपूर. एका आजोबांच्या गोष्टीतला वाघ पट्टेरी होता की ठिपक्यांचा, असं आम्ही दोनदा विचारलं.

“काळोखात पट्टे कोण मोजता रे?”

(दृश्य: पत्र्याची पेटी. जुने, पिवळे पडलेले कागद.)

मोठी शिकार आणि छोटी शिकार हे शब्द सरकारी कागदावरही होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक प्राण्यांना पूर्ण संरक्षण दिलं, तरी त्याच्या मूळ तरतुदींत मोठ्या शिकारीचा परवाना वेगळा आणि छोट्या शिकारीचा वेगळा अशी सोय शिल्लक होती. 1991 च्या दुरुस्तीने ती सोयही संपली. इथल्या बऱ्याच बंदुकांचे परवाने शेतीसंरक्षणाचे. शेताच्या राखणीची बंदूक कुठल्या रात्री शेताची हद्द ओलांडायची, हा प्रश्न पडवीवर विचारला तर सगळ्यांना एकदम चहा आठवतो.

या माणसांना उगाच साधुसंत करायचं कारण नाही. त्यांनी मजेसाठीही मारलं. आज राज्यपक्षी असलेला हरियल उंबरावर फळं खायला थव्याने यायचा, हिरव्या पानांत हिरवा. पानं हलली की अंदाजाने बार काढायचे. “किती पडले ते मोजूचो, किती जखमी होवन गेले ते कोण मोजता?” हे वाक्य तात्यांचं. त्यानंतर बराच वेळ पडवीवर कोणी बोललं नाही.

(दृश्य: रात्र. शेताच्या बांधावर मिणमिणता कंदील.)

आता रान उलटं घरात येतं. डुकरं नाचणी आणि भात लोळवतात, माकडं नारळ काढतात, गवे बांध तुडवतात. पीक नासवणाऱ्या डुकराला मारायला वन विभागाची परवानगी लागते. परवान्याच्या बंदुकीचं म्हणाल तर निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. 2019 ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात झाली, 2024 ची नोव्हेंबरात. दोन्ही वेळी इथे भातकापणीची धांदल होती.

साडेअकरा वाजलेत. खालच्या मळ्यात काहीतरी सळसळलं. कुत्रा आधी उठला, मग अण्णा. तात्यांनी कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा आणि एक दांडका उचलला. सगळी हयात बंदूक घेऊन झाडाआड बसलेला हा माणूस आता काठीवाल्यांच्या रांगेत आहे.

अण्णा पुढे चालतायत, पोटरीवरची खूण कंदिलाच्या उजेडात दिसते. मागे वळून ते म्हणतात, “तात्यानू, जोरान वाजवा. तो मागे फिरता हां.”

(डब्याचा आवाज. अंधार.)