कापणारी प्रतिपिंडं

नमस्कार श्रोतेहो. प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, हा शब्द कोविडनंतर घराघरांत पोचला. जंतूला घट्ट धरायचं आणि पुढचं काम पांढऱ्या पेशींवर सोडायचं, अशी त्यांची ख्याती. पण काही प्रतिपिंडं धरतात, कापतात, सोडतात आणि पुढच्याला धरायला मोकळी होतात. हा तर एन्झाइमचा, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा धंदा!

१९८६ साली अमेरिकेत रिचर्ड लर्नर आणि पीटर शुल्ट्झ यांच्या गटांनी प्रयोगशाळेत हे घडवून दाखवलं. तीनच वर्षांनी सुधीर पॉल आणि सहकाऱ्यांना असं प्रतिपिंड माणसाच्या रक्तात आयतंच मिळालं. श्वासनलिका सैल ठेवणारा एक छोटा रेणू आहे, नाव व्हीआयपी. (नावापुरताच, बंदोबस्त काही नाही.) २८ अमिनो आम्लांच्या मण्यांची माळच ती. हे प्रतिपिंड ती बरोबर १६व्या आणि १७व्या मण्यांच्या मध्ये तोडत होतं.

लगेच शंका आली, आणि ती रास्त होती. धुतलेल्या पातेल्यात दूध ठेवलं आणि सकाळी दही लागलेलं दिसलं, तर तो पातेल्याचा गुण, की कडेला राहिलेल्या विरजणाचा? रक्तात कापणारी एन्झाइम्स मुबलक. त्यातलं कणभर जरी चिकटून आलं तरी सगळा निष्कर्ष आंबला! म्हणून प्रतिपिंडं आम्लात घालायची, चाळायची, त्यांचा नुसता पकडणारा तुकडा वेगळा काढायचा आणि तोही कापतो का ते बघायचं. या विषयातली खरी मेहनत मला इथेच दिसते.

१९९२मध्ये मॉस्कोच्या संशोधकांनी डीएनए कापणारी प्रतिपिंडं दाखवली, ती ल्यूपसच्या रुग्णांत. गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा, दुखणारे सांधे, पुढे मूत्रपिंडांवर घाला. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात तसा हा आजार. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंच्या वेष्टणातलं प्रथिन कापणारी सापडली. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या काही रुग्णांत तर बाहेरून टोचलेल्या फॅक्टर ८ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचेच तुकडे होतात, हे १९९९मध्ये पॅरिसच्या गटाने दाखवलं.

एवढं ऐकून ही प्रतिपिंडं खलनायक वाटतील. पण त्याच पॅरिसच्या गटाने २००५मध्ये सेप्सिसचे, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी व्हायला लागलेले रुग्ण तपासले. अतिदक्षता विभागातून जे जगून बाहेर पडले, त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची कापण्याची ताकद दगावलेल्यांपेक्षा जास्त भरली.