अस्तरात दडलेला क्षय
काचेच्या पट्टीवरचा हा गुलाबी-जांभळा ठिपका म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा काप आहे. लग्नानंतर बरीच वर्षे मूल न झाल्यामुळे तपासणीला आलेल्या स्त्रीचा असा नमुना प्रयोगशाळेत येतो, तेव्हा तिला बहुधा खोकला नसतो आणि तापही नसतो; त्यामुळे क्षयरोगाची शंका घरात कोणाच्याच मनात आलेली नसते.

मेणात बसवलेल्या तुकड्याचे मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर 3 ते 5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घेतात. मग ते रंगवतात: हिमॅटॉक्सिलिन या रंगाने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, तर इओसिन या रंगाने उरलेला भाग गुलाबी होतो.

जननेंद्रियांच्या क्षयात जंतू बहुतेक वेळा फुफ्फुसातून रक्तावाटे आधी बीजवाहिन्यांत पोहोचतात आणि तेथून खाली अस्तरात उतरतात. पण हे अस्तर दर महिन्याला गळून पडते. जंतूंभोवती पेशींची गाठ जमते न जमते तोच पाळी येते आणि नव्या अस्तराला वरून पुन्हा लागण होते. फुफ्फुसातल्या क्षयात ऊतक जसे कुजून पनीरासारखे होते, तसे येथे क्वचितच आढळते. गाठीला वाढायला पुरेसे दिवस मिळावेत, म्हणून नमुना पाळी येण्याच्या थोडे आधी घ्यावा, असा पॅथॉलॉजिस्टांचा (असे नमुने तपासणाऱ्या डॉक्टरांचा) आग्रह असतो, आणि तो अगदी रास्त आहे.

आता ग्रंथींच्या मधल्या जागेकडे पाहा. फिकट, लांबट पेशींचा एक पुंजका दिसतो; हीच ती गाठ. त्यांची केंद्रके चपलेच्या तळव्यासारखी आहेत आणि भोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचे गडद ठिपके आहेत. कडेला असलेल्या मोठ्या पेशीत अनेक केंद्रके घोड्याच्या नालेसारखी मांडलेली आहेत. जर्मन पॅथॉलॉजिस्ट थिओडोर लँगहान्स यांनी 1868 मध्ये वर्णन केलेली पेशी ती हीच.

असा पुंजका इतर काही आजारांतही दिसू शकतो, त्यामुळे झील-नील्सन पद्धतीने रंगवून लाल दिसणारे जंतू शोधतात. मात्र अस्तरात ते इतके विरळ असतात की पट्टी कोरी दिसली तरी क्षय नाही, असे म्हणता येत नाही. त्यासाठी कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे) आणि सीबीनॅट (जंतूंचा डीएनए शोधणे) या चाचण्या लागतात. ऊतक टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होत नाही. सगळाच नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आला की मन खट्टू होते, कारण त्या स्त्रीला तोच त्रास पुन्हा सोसावा लागतो. नमुना घेण्याआधीच फॉर्मॅलिनची एक आणि कल्चरसाठी सलाइनची एक अशा दोन बाटल्या तयार ठेवाव्यात, आणि दोन्हींवर शेवटच्या पाळीची तारीख लिहावी.